मी न केलेला त्याग

माझ्या वहिनीचं मी मनापासून भलं चिंतलंय असा एकही दिवस मला आठवत नाही. तिचं भलं झालं ते माझ्या चिंतण्यावाचून झालं, आणि भरपूर झालं. माधवगंजात माझ्या माहेरी बाहेरच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. वरच्या तिन्ही फळ्यांवर तिची पदकं आहेत. राष्ट्रीय स्पर्धांची तर आहेतच, शिवाय परदेशातली दोन. त्यांच्याखाली आईनं मखमलीचा तुकडा घातलाय. माझं राज्य स्पर्धेतलं एकुलतं एक कांस्यपदक सगळ्यात खाली, स्टीलच्या वाट्यांच्या मागे आहे. आईनं ते मुद्दाम तिथे ठेवलेलं नाही. “वर जागा कुठे आहे गं?” असं ती म्हणते. मी स्वतः बघितलंय, खरंच नाही. म्हणून तर जास्त झोंबतं.

आमच्या घराण्याचा आणि जूडोचा काही संबंध नव्हता. आमचे पूर्वज दख्खनेतून ग्वाल्हेरला आले ते पोथ्या घेऊन, आणि त्यांची अंगमेहनत गंध उगाळण्यापलीकडे कधी गेली नाही. मी चौदा वर्षांची असताना शाळेतून माझं नाव ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या जूडोच्या हॉलवर गेलं. वडिलांनी न वाचता सही केली आणि आईनं आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. “हातपाय मोडून घेईल, मग कोण करणार हिला?” हा तिचा एकच मुद्दा होता आणि तो तिला वर्षानुवर्षं पुरला. माझी एकही लढत बघायला ती आली नाही.

वहिनीचं घर वेगळं. त्यांचे पूर्वज तलवारी घेऊन आलेले. तिच्या वडिलांनी तिला स्वतः सायकलवर बसवून हॉलवर आणलं आणि सरांना सांगितलं, “साहब, इसको गिरा-गिरा के पक्का कर दो।” ती माझ्यानंतर महिन्याभरानं आली. सरांना मराठी येत नव्हतं ते बरं. नाहीतर ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ हे त्यांनी हॉलच्या भिंतीवर रंगवून घेतलं असतं.

जूडोत एकटीनं काही शिकता येत नाही. फेकायला शिकायचं तर कुणाला तरी फेकावं लागतं, आणि ते कुणीतरी आपल्याच वजनाचं असावं लागतं. आम्ही दोघी बावन्न किलोंच्या आतल्या, म्हणून सरांनी आमची जोडी लावली. ती सात वर्षं टिकली. तिची खास फेक खांद्यावरची. समोरचीची बाही आणि कॉलर धरायची, गर्रकन वळून तिच्या पोटाखाली घुसायचं आणि पाठीवरून तिला पुढे टाकायचं. नऊ वेळा नुसतं घुसायचं आणि दहाव्या वेळी फेकायचं, अशी सरांची पद्धत होती. फेकण्याआधी तोंडानं एक छोटा आवाज करायचा. म्हणजे पडणारीला कळतं, ती अंग सैल सोडते, टाचा उचलून स्वतःच थोडी वर जाते, आणि कुणाची मान मोडत नाही. आमच्या हॉलचा हा शिष्टाचारच होता. कुणी ‘हां’ म्हणे, कुणी ‘चल’ म्हणे. ती ‘हप्’ म्हणायची.

ते हप् ऐकून मी सात वर्षं रोज हवेत गेले. माझं पडणं फार सुरेख होतं. सर नव्या मुलींना गोळा करून दाखवायचे, “इसका गिरना देखो। मक्खन!” पडण्याबद्दल शाबासकी मिळवणारी सगळ्या लष्कर भागात मी एकटीच असेन. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. अक्कल कमी होती, दुसरं काय.

खऱ्या लढतीत मात्र मी तिला ऐकायची नाही. माझे हात तिच्यापेक्षा मजबूत होते आणि तिची पकड मी बसूच द्यायची नाही. दहा वेळा आम्हाला समोरासमोर उभं केलं तर सात वेळा मीच जिंकायची. त्यामुळे खेळावरून मला तिचा हेवा वाटत नव्हता. मला हेवा वाटायचा तिच्या पोटाचा. सरावानंतर ती कोपऱ्यावरच्या गाड्यावर उभी राहून तेलात निथळणाऱ्या चार-चार बेडया, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, बटाट्याच्या भाजीशी खायची आणि तिचा काटा एक्कावन्नच्या पुढे सरकायचा नाही. मी नुसत्या वासानं अर्धा किलो वाढायची. स्पर्धेच्या आधी मी मे महिन्यात, ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारल्यात. च्युइंगगम चघळून तासभर बाटलीत थुंकत बसलेय, कारण थुंकीचंही वजन असतं. आणि ही शेजारी बसून विचारायची, “एक घास खाशील? आज भाजी मस्त आहे.” ती प्रेमानं विचारायची, हे कळत होतं. त्यामुळे आणखीच संताप यायचा.

दुसरा हेवा माझ्या भावावरून. तो मला स्कूटरवर न्यायला यायचा. आधी तो बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजवायचा. मग हॉलच्या दाराशी येऊन उभा राहायला लागला. मग सराव संपायच्या अर्धा तास आधीच यायला लागला. न्यायला मला यायचा आणि बघायचा तिला. माझ्या सख्ख्या भावानं माझं सुंदर पडणं रोज पाहिलं आणि त्याला आवडली ती फेकणारी.

आम्ही दोघी एकवीस वर्षांच्या होतो तेव्हा राज्याच्या संघासाठी निवड चाचणी झाली. बावन्न किलोंत जागा एकच. त्या जागेवरून राष्ट्रीय स्पर्धेत जायचं, तिथे पदक लागलं की खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी. दोघींना तीच एक जागा हवी होती. त्या हिवाळ्यात तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता, भाऊ लहान होता, घरात कमावणारं कुणी नव्हतं. मला हे सगळं माहीत होतं आणि त्याचं मला वाईट वाटत होतं. पण जागा सोडण्याइतकं नाही. हे इथे स्पष्ट सांगून ठेवते, कारण पुढची सगळी भानगड याच मुद्द्यावर आहे.

अंतिम लढत आमच्या दोघींचीच झाली. मी पांढऱ्या ड्रेसमध्ये, ती निळ्या. पहिल्याच मिनिटात मी तिला कुशीवर पाडलं आणि एक छोटा गुण घेतला. मग मी तिला जवळ येऊ दिलं नाही. ती हात टाकायची, मी झटकून द्यायची. शेवटचं मिनिट उरलं होतं. मी मनात राष्ट्रीय स्पर्धेची बॅगसुद्धा भरायला घेतली होती. अचानक ती शांत झाली. झोंबाझोंबी थांबवून तिनं सरावात धरायची तशी माझी बाही हलकेच धरली, कॉलर धरली, सरळ उभी राहिली. आणि म्हणाली, “हप्.”

माझ्या टाचा उचलल्या. मी उचलल्या नाहीत, त्या उचलल्या. अंग सैल पडलं आणि मी तिच्या पाठीवरून अशी अलगद गेले की विचारू नका. लोण्यासारखी पाठ टेकली. पंचांचा हात सरळ वर गेला. पूर्ण गुण, लढत संपली. छताकडे बघत मी पडून राहिले आणि माझ्या मनात एकच शब्द होता: गाढव.

सर धावत आले. मला उठवून एका कोपऱ्यात घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, “तू ख़ुद उछली है। मैंने देखा। उसके घर की हालत सोच के छोड़ दिया ना तूने?”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. पण मग काय सांगणार होते? की सात वर्षं शिकवलेल्या जनावरासारखी मी आवाजावर उडी मारली? हरणं एकवेळ ठीक, पण असं हरणं! मी मान खाली घातली. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सात वर्षांत त्यांनी कधी कुणाच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले होते. ते बघून माझेही आले, आणि माझे वेगळ्या कारणानं आलेत हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तीही मूठ सरांनी संध्याकाळी आमच्या घरी येऊन आईच्या हातात दिली. “आपकी बेटी ने आज जो किया है, वो बड़े-बड़े नहीं करते।” जिनं माझी एक लढत पाहिली नव्हती ती आई मला जवळ घेऊन रडली. दुसऱ्या दिवशी माधवगंजात घरोघरी कळलं. देवळात बायका थांबवून माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. जिंकले असते तर त्यांतल्या निम्म्या म्हणाल्या असत्या, मुलीच्या जातीला शोभतं का हे. हरल्यावर मी सगळ्यांना शोभले.

ती राष्ट्रीय स्पर्धेत गेली, रौप्यपदक घेऊन आली. नोकरी लागली. मग सुवर्ण. मग विमानानं परदेशात. माझ्या भावानं आईसमोर तिचं नाव काढलं तेव्हा आईनं आधी जातीवरून नाक मुरडलं, मग तिच्या दंडांवरून. पण सरकारी नोकरी आणि पदक यांच्यापुढे आमच्या पोथ्या फार वेळ टिकल्या नाहीत. ती आमच्या घरात आली. चारचौघांत मला ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ म्हणायला लागली, एकटीत आधीसारखंच ‘तू’. मी लग्न होऊन थाटीपुरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये गेले आणि शाळेत खेळाची शिक्षिका झाले. मी मुलांना कवायत शिकवते आणि प्रार्थनेच्या रांगा सरळ करते.

पुढची पंधरा-सोळा वर्षं मी काय केलं, तर जळले. लपूनछपून नाही, पद्धतशीर जळले. तिचा फोटो पेपरात आला की आधी तो कितपत वाईट आलाय ते बघायचे. परदेशातली तिची एक उपांत्य लढत आम्ही शाळेच्या स्टाफरूममध्ये मोबाइलवर बघितली. सगळे शिक्षक माझ्या खुर्चीभोवती गोळा झाले होते. “मॅडम, आपकी भाभी!” म्हणून मलाच चहा. ती हरली. मी सगळ्यांच्या आधी ‘अरेरे’ म्हटलं आणि मधल्या सुट्टीत दोन समोसे खाल्ले. किती दिवसांनी काहीतरी चवीनं खाल्लं होतं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रोज शाळा सुटल्यावर कंपूतल्या हॉस्पिटलात डबा घेऊन गेले, तिचे केस विंचरले, तिला धरून चालवलं. ते सगळं मी प्रेमानं केलं. ती आता लंगडतेय हे बघून आतून बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटतं. ज्यांना वाटत नाही त्यांनी मला दगड मारावा.

आणि इतक्या जळण्यात मला एकच थंडावा होता. घरात पाहुणे आले की आई आधी कपाट दाखवायची आणि मग माझ्याकडे वळून म्हणायची, “पण हे सगळं हिच्यामुळे हो. हिनं त्या दिवशी आपली जागा दिली म्हणून.” मी म्हणायची, “जाऊ दे ना आई, कशाला जुनं.” ते ‘जाऊ दे ना’ मी फार छान म्हणायची. इतकं छान की पाहुण्यांच्या नजरा पदकांवरून निघून माझ्यावर यायच्या. वहिनी त्या वेळी नेमकी चहा आणायला आत गेलेली असायची. मला वाटायचं, तिला लाज वाटत असेल. चाचणीच्या दिवशी तिच्या तोंडून सवयीनं हप् सुटलं, मी सवयीनं उडाले, आणि तिला फुकटात जागा मिळाली, हे तिलाही माहीत असणारच. बोलत नव्हतो दोघी, एवढंच.

गेल्या वर्षी ती खेळातून निवृत्त झाली आणि इथेच मुलींची प्रशिक्षक झाली. आमच्या मराठी मंडळानं गणपतीत तिचा सत्कार ठरवला. आदल्या दिवशी दुपारी एका हिंदी पेपरचा वार्ताहर माधवगंजात घरी आला. मीही गेले होते. आईनं कपाट दाखवलं आणि मग नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळली. वार्ताहराचे डोळे चमकले. “अरे वाह, ये तो असली कहानी है!” त्यानं पदकांची पानं उलटून टाकली आणि नव्या पानावर माझं लिहायला घेतलं. मी म्हटलं, “जाऊ दे ना आई.” त्यानं तेही लिहून घेतलं.

वहिनी उठली आणि म्हणाली, “ताई, वर कपडे वाळलेत, जरा चला माझ्यासोबत.”

गच्चीवर कपडे ओलेच होते. तिनं एका चादरीला हात लावला आणि सोडून दिला.

“किती वर्षं चालवणार आहेस हे?”

“काय?”

“त्याग.”

“मी कुठे म्हणते? आई म्हणते. सर म्हणतात.”

“तू गप्प बसतेस ना. तेच झालं म्हणणं.” तिचा आवाज चढला नव्हता. मॅटवर असायचा तसा होता. “तू काही सोडलं नव्हतंस. मी पाडलं तुला.”

“मला माहीत आहे गं,” मी म्हटलं. एवढं तरी उदार व्हायला हरकत नव्हती. “तुझ्या तोंडून हप् सुटलं, मी उडाले. आदत होती दोघींना.”

“सुटलं नव्हतं.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“सुटलं नव्हतं,” ती म्हणाली. “ताकदीनं तुझ्याशी जमणार नाही, हे मला पता होतं. माझी एकेक चाल तुला तोंडपाठ. मग मी विचार करत बसले की हिला काय माहीत नाही? हिला स्वतःचं माहीत नाही. हप् म्हटलं की तू उडतेस. चाचणीच्या आधी दोन महिने मी बघून राहिले होते. कधीकधी नुसतंच हप् म्हणायची, फेकायची नाही. तरी तुझ्या टाचा उचलायच्या. तू हसून म्हणायचीस, फेक ना यार.”

मला ते आठवलं. ‘फेक ना यार’ असं मी खरंच म्हणायची.

“फसवलंस तू मला,” मी म्हटलं.

“कोणत्या नियमात लिहिलंय, तोंडानं आवाज नाही करायचा? तू माझी पकड बसू देत नव्हतीस, ती फसवणूक होती का? घरी बाबा बिछान्यावर पडून होते. मला ती जागा पाहिजे होती. मी डोकं लावलं आणि घेतली.” आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “कपाटात सगळी पदकं आहेत माझी. ती एक जीत नाही. पहिली होती यार ती माझी. ती तू नेलीस. सतरा वर्षं माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर, माझी जीत तुझं दान म्हणून वाढतात. मी आत चहा करत उभी असते आणि कान बंद करून घेते.”

राग तर मला असा आला होता की त्याच चादरीत तिला गुंडाळून द्यावं. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. इतकी वर्षं मी तिच्या नशिबावर जळले. तिच्या पोटावर जळले, तिच्या नवऱ्यावर जळले, खरं सांगायचं तर तिच्या बापाच्या आजारपणावरसुद्धा जळले, कारण त्यामुळे सगळ्यांना तिची दया यायची. आणि जे खरं जळण्यासारखं होतं ते मला माहीतच नव्हतं. ती रोज मला फेकत होती तेव्हा मला वाचत होती. मीही रोज तिच्या हातात होते आणि मी काय वाचलं? तिनं किती बेडया खाल्ल्या ते. मला कधीच सुचलं नसतं. शंभर वर्षं खेळले असते तरी नसतं.

“उद्या सांग,” ती म्हणाली. “तुला बोलायला सांगणारच आहेत. मी सांगितलं तर म्हणतील, बघा, नणंदेचे उपकार विसरली. तूच सांग.”

मी हो म्हटलं. पण चांगुलपणानं नाही म्हटलं. घरी परत येताना मी मनात भाषण जुळवत होते आणि त्यात तिची युक्ती मी अगदी ठळक करून सांगणार होते. जगाला कळू दे, माझ्या मैत्रीनं दिलेल्या भरवशाचा हिनं कसा वापर केला ते. त्याग गेला तर गेला, हिचा सोन्याचा वर्खसुद्धा जरा खरवडून निघेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला होता. वहिनी व्यासपीठावर, अंगावर शाल, मांडीवर नारळ. पुढच्या रांगेत आई, माझा भाऊ, आणि सर. सर आता फार थकलेत, दोघांनी धरून आणलं होतं. अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं तेव्हा आधीच टाळ्या वाजल्या, कारण सकाळच्या पेपरात वार्ताहरानं आपलं काम केलं होतं. वहिनीचा फोटो लहान आणि माझी गोष्ट मोठी.

मी माइक हातात घेतला आणि प्रस्तावना न करता सांगून टाकलं. “पेपरात आलंय ते खोटं आहे. मी जागा सोडली नव्हती. मला ती जागा हवी होती, हिच्यापेक्षाही जास्त हवी होती. हिनं मला पाडलं. सरावात माझ्या अंगाला जी सवय लागली होती, तिचा हिनं बरोबर उपयोग केला. मी गाढवासारखी फसले, आणि नंतर लाजेनं गप्प बसले. त्याग-बिग काही नाही.”

मग मागून कुणीतरी म्हणालं, “काय मोठं मन आहे हो!” आणि टाळ्या सुरू झाल्या. वहिनीचा सत्कार झाला तेव्हा वाजल्या त्याच्या दुप्पट. बायका डोळे पुसायला लागल्या. अध्यक्ष दुसऱ्या माइकवरून म्हणाले, “पाहा, आजही हिला आपलं श्रेय नको आहे. वहिनीच्या सत्कारात आपल्यामुळे उणेपणा नको, म्हणून स्वतःला गाढव म्हणवून घ्यायला तयार!”

“नाही, नाही,” मी म्हटलं. “खरंच सांगतेय.”

तेव्हा सर उठले. त्यांनी हात वर केला आणि टाळ्या थांबल्या. “मैं वहाँ था,” ते म्हणाले. “सबसे पास मैं था। मैंने अपनी आँखों से देखा है, ये बच्ची ख़ुद उछली थी। इसकी बात मत मानिए।”

आता सरांना खोटं कोण पाडणार? त्यांनी पाहिलं होतं ते खरंच होतं.

मी व्यासपीठाकडे बघितलं. वहिनी माझ्याकडे बघत होती. तिच्यावरही टाळ्या वाजवण्याची पाळी आली होती, कॅमेरे होते, सगळा हॉल तिच्याकडे वळला होता. ती वाजवत होती. तोंडावर हसू होतं आणि डोळ्यांत जे होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्टाफरूममध्ये मोबाइल बघताना माझ्या डोळ्यांत तेच असायचं.

माइक अजून माझ्या हातात होता. हप् म्हणजे काय, टाचा कशा उचलतात, चाचणीआधीच्या दोन महिन्यांत काय झालं, हे सगळं नीट फोडून सांगितलं असतं तर दहा मिनिटं लागली असती आणि निदान सरांना तरी पटलं असतं. तिची पहिली जीत तिला मिळाली असती. ती त्याचीच वाट बघत होती. तिचे हात टाळ्या वाजवत होते आणि मान किंचित पुढे झाली होती.

मी सरांच्या पाया पडले आणि माइक अध्यक्षांना परत दिला.

घरी जाताना गाडीत मागे आई आणि मी बसलो होतो. आईनं माझा हात घट्ट धरला होता आणि मधूनमधून तो स्वतःच्या गालाला लावत होती. पुढे वहिनी शाल आणि नारळ मांडीवर घेऊन बसली होती. मी मागून तिच्या मानेकडे बघत होते. लाज मला वाटली, नाही असं नाही, पण ती दुसऱ्या दिवशी वाटली. गाडीत मला फार बरं वाटत होतं.